वेब प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा मराठीत का नको?



‘कोडिंग शिकायचे? आधी इंग्रजी सुधारा, मग महागडा लॅपटॉप घ्या, मग क्लास लावा.’ दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत आपल्या घराघरांत हा उपदेश ऐकू येतो. यातले एकही वाक्य खरे नाही. पण त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत. घरी मराठी बोलणारी, शाळेत गुजराती माध्यमातून शिकलेली आणि आता बी.कॉम.-बी.ए.ला असलेली मुले सर्वांत जास्त मोजत आहेत.

ही मुले प्रोग्रामिंगला घाबरून पळत नाहीत. ती उंबरठ्यावरच अडखळतात. प्रोग्राम लिहून तपासण्यासाठी आपल्या संगणकावर जी मांडणी करावी लागते, तिला ‘डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट’ असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकूनच निम्मा धीर खचतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही कच्ची वही. हवे तितके खोडा, बेरीज जुळली की मगच पक्क्या वहीत उतरवा. कच्च्या वहीसाठी कुणी हजारो रुपये फी मागितली तर आपण देऊ काय?

सुरुवातीला लागते तरी काय? एक ब्राउझर, तो प्रत्येकाकडे आहेच. एक टेक्स्ट एडिटर. व्हीएस कोड किंवा नोटपॅड प्लस प्लस, दोन्ही फुकट. आणि एक रिकामे फोल्डर. त्यात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नावाची फाईल करा, दोन ओळी लिहा, फाईलवर डबल क्लिक करा. पान ब्राउझरमध्ये उघडते. इंटरनेटसुद्धा लागत नाही. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. नोड, गिट, डेटाबेस हे सारे पुढचे. पहिल्याच दिवशी ते सगळे मुलाच्या गळ्यात मारणारा शिक्षक त्याला शिकवत नाही, दडपून टाकतो.

अडचणी येतात, पण त्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीला दोन मिनिटांचे उत्तर आहे.

एक : विंडोज फाईलच्या नावाचे शेपूट लपवते. नाव दिसते बरोबर, पण मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटलेले असते. मग पानाऐवजी नुसती अक्षरे दिसतात. व्ह्यू मेनूतून ही शेपटे दाखवायला सांगावे.

दोन : मराठी लिहिले आणि पडद्यावर प्रश्नचिन्हे किंवा भलतीच अक्षरे आली. फाईल यूटीएफ-८ पद्धतीने साठवावी आणि पानाच्या डोक्यात तसे सांगणारी ‘मेटा चार्सेट’ची ओळ घालावी. मराठी स्वच्छ दिसते. जुन्या विंडोजचा नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-८ वापरत नाही, तिथे जपावे.

तीन : काळ्या खिडकीत आज्ञा दिली की ‘ओळखत नाही’ असे उत्तर येते. संगणक प्रोग्राम कुठे शोधायचा याची एक यादी ठेवतो, तिला ‘पाथ’ म्हणतात. त्या यादीत नोंद नसली की हे होते. बहुतेक वेळा खिडकी बंद करून पुन्हा उघडली तरी भागते, कारण आधीपासून उघडी असलेली खिडकी नवी नोंद वाचत नाही.

चार : पुढे पीएचपी शिकताना झॅम्प घेतला आणि त्यातला अपाची सर्व्हर सुरूच होईना. अनेकदा ८० क्रमांकाचा पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामने अडवलेला असतो. एका काउंटरवर दोन कारकून बसत नाहीत. एकाला उठवावे, नाहीतर दुसऱ्याला वेगळा क्रमांक द्यावा.

यात मराठीत सांगता येणार नाही असे काय आहे? एचटीएमएलचे मोजके इंग्रजी शब्द पाठ होतात, जसे आमच्या खात्यातल्या अडाणी म्हाताऱ्यालाही ‘डेबिट-क्रेडिट’ कळते. शब्द इंग्रजी असले म्हणून समजावणेही इंग्रजीतच हवे, हा हट्ट कशासाठी?

काहीजण म्हणतील, आता एआय कोड लिहून देते, शिकायचे कशाला? लिहून देते, मान्य. पण तो कोड ठेवायचा कुठे, चालवायचा कसा, बिघडला तर पाहायचा कुठे? ज्याची कच्ची वहीच नाही, त्याला दुसऱ्याने करून दिलेला हिशेब तपासताही येत नाही.

दुसरे म्हणतील, व्हिडिओ आहेत की! आहेत. पण व्हिडिओतला संगणक वेगळा आणि आपला वेगळा. पडद्यावर चूक आली की व्हिडिओ उत्तर देत नाही. शेजारी बसलेला दादा किंवा ताई देते.

आणि हे आपल्या शहराला सांगावे लागावे? सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथेच कलाभवन काढले. रंगकाम, यंत्रकाम असे धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यावे, हा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. १९०६ साली महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्या काळी यंत्रविद्या लोकांच्या भाषेत आणण्याची हिंमत या शहराने दाखवली. आज त्याच शहरात राहून आपण एक फोल्डर उघडायला इंग्रजीची परवानगी मागतो!

गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रासाठी वर्गणी जमते. ती जमावीच. पण त्यातला थोडा भाग बाजूला काढून मंडळाच्या सभागृहात सलग चार रविवार, दोन-दोन तास, हा वर्ग घ्यावा. घरोघरी पडून असलेले जुने लॅपटॉप मागवावेत. आपल्यातली नोकरी करणारी तरुण मुले शिकवतील, त्यांना फक्त विचारायला हवे. शेवटच्या रविवारी प्रत्येक मुलाने आपल्या घराण्याचे, बडोद्याला कोण कधी आले याचे, एक मराठी पान करून दाखवावे. आजी-आजोबांनी माहिती सांगावी, नातवंडांनी ती लिहावी. भाषाही टिकेल आणि विद्याही येईल.

कार्यकारिणीने पुढील सभेत हा ठराव घ्यावा. ‘मुले मराठी वाचत नाहीत’ ही तक्रार आपण फार वर्षे केली. आता मराठीत काही नवे शिकवून दाखवू या.

— एक सभासद, बँक कर्मचारी, बडोदे