हाक घरात पोचली पाहिजे

चिचगडच्या आमच्या घराला गेल्या उन्हाळ्यापर्यंत एक साधी घंटा होती. बाहेरचे बटण ती बेल, आत वाजते तीही बेल, आणि महादेवाला वाहतात तोही बेल, अशी आमची भाषा काटकसरी. असो. या घंटेच्या पोटात तारेचे वेटोळे आणि एक लोखंडी दांडी असते. बटण दाबले की दांडी उसळून एका पट्टीवर आपटते, ते ‘डिंग’. बोट उचलले की स्प्रिंग तिला दुसऱ्या पट्टीवर लोटते, ते ‘डाँग’. म्हणजे दोन स्वरांमधला काळ दाराबाहेरचा माणूस ठरवतो. आई त्यावरूनच ओळखत, की संकोचलेला विद्यार्थी आला आहे की घाईतला कुरिअरवाला.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. दिवसभर आई एकट्या. अमेरिकेतील भाच्याने तारेवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल आणून दिली, तेव्हा आम्हांला ती सोयीचीच वाटली. वायरमनने मात्र भिंतीवरचे बटण उघडताच हात मागे घेतला. “सर, हे थेट जोडलं तं जळून जाईल.” त्याचे खरे होते. अमेरिकी घरांत ट्रान्सफॉर्मर वीज सोळा-चोवीस व्होल्टवर उतरवतो आणि मग ती घंटेकडे जाते. आपल्याकडच्या साध्या घंटेला बटणातून थेट 230 व्होल्टच मिळतात. त्याने मुख्य स्विच बंद केला, एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, डोअरबेल त्यावर घेतली आणि जुन्या घंटेच्या तारा टेप गुंडाळून ठेवून दिल्या. मोबाइलवर वाजतेच, मग आत घंटा कशाला, हा त्याचा प्रश्न आम्हांलाही बिनतोड वाटला. साहित्य शिकवणाऱ्यांना तो तसा वाटावा, याची आज लाज वाटते.

एप्रिलमध्ये परीक्षा चालू होत्या. पर्यवेक्षणाच्या वेळी फोन बंद असतात. संध्याकाळी ते पाहिले तर पडद्यावर मामा, म्हणजे आईंचे मावसभाऊ. दोनदा बटण दाबतात, उन्हात थांबतात, दाराकडे पाहतात, टेंभरांची पिशवी उंबऱ्याशी ठेवतात आणि जातात. आई आतच होत्या, जाग्या होत्या. घर झोपले आहे असे मामांना वाटले असेल, किंवा त्याहून वाईट काही. चित्र अगदी स्वच्छ आले होते.

मुक्ताबाईंच्या नावावरचे ताटीचे अभंग आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आहेत आणि धाकटी बहीण बाहेरून विनवते आहे, अशी त्यामागची कथा. त्या अभंगांना अर्थ येतो तो बाहेरचा आवाज आत पोचतो म्हणून. आमच्या दारी भाऊ बाहेर होता, बहीण आत होती, आणि आवाज तेवढा दोघांना सोडून परीक्षा हॉलबाहेरच्या कपाटात ठेवलेल्या फोनकडे गेला. वासुदेवही दारी येतो तो चिपळ्यांच्या नादाने. तो घरातल्या एकाच माणसाला बोलावत नाही. जो मोकळा असेल तो सूप घेऊन बाहेर येतो. दारावरची हाक घराला असते. ती एका व्यक्तीच्या नावे करून देण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिला?

कॅमेऱ्याला आमचा विरोध नाही. एकट्या वृद्धेने दार उघडण्यापूर्वी बाहेर कोण ते कुणी पाहिले, तर त्यात गैर काय? आक्षेप आहे तो आतली घंटा ऐच्छिक मानण्याला.

वायरमनला पुन्हा बोलावले. कमी व्होल्टची नवी घंटा घेणे सोपे होते, पण आईंच्या कानाला जुनीच ओळखीची. म्हणून मध्ये एक रिले घातला: डोअरबेलच्या बाजूला कमी व्होल्ट, घंटेच्या बाजूला 230, आणि दोन्ही एकमेकांपासून अलग. पहिल्या दिवशी रिले सारखा कुरकुरत राहिला. साधे बटण दाबेपर्यंत वीज घेत नाही. कॅमेरा मात्र सदैव जागा, आणि तो आपला घास त्याच वेटोळ्यातून ओढतो. खोक्यात एक छोटा तुकडा आला होता, तो वेटोळ्याला समांतर जोडल्यावर कुरकुर थांबली. बटण दाबले की डोअरबेल आपली दोन टोके क्षणभर जोडून सगळी वीज पुढे सोडते आणि तेवढा वेळ स्वतःच्या साठ्यावर तग धरते. एक गोष्ट मात्र परत आली नाही. ‘डिंग’ आणि ‘डाँग’मधले अंतर आता यंत्र ठरवते, सर्वांसाठी सारखेच. संकोचलेला विद्यार्थी आणि कुरिअरवाला आईंना आता एकच वाटतात.

दिवाळीनंतर मंडईला मामा पुन्हा आले. त्या दुपारी गावात वीज नव्हती. त्यांनी कडी वाजवली आणि आईंना नावाने हाक मारली. फोनमध्ये या भेटीची नोंद नाही.