भाऊ असावेत तर असे?



परवा इथे सिंगापुरात एका मित्राच्या घरी आम्ही सहा-सात जणांनी '२२ जून १८९७' हा १९७९ सालचा मराठी चित्रपट पाहिला. संपल्यावर एक जण भारावून म्हणाला, "भाऊ असावेत तर असे!" मला राहवलं नाही. तिथे सुरू झालेला वाद इथे पुढे चालवतो.

प्लेगच्या बंदोबस्तात रँडच्या सोल्जरांनी पुण्यात घराघरांत घुसून जे केलं, त्याचं समर्थन कोणीच करणार नाही. पण पुढचा हिशोब पाहा. रँडबरोबर आयर्स्टही मेला. १८९८ मध्ये दामोदर चापेकर फासावर गेला. गणेश आणि रामचंद्र या द्रविड बंधूंनी माहिती फोडली होती, म्हणून फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्णही फासावर गेले. दोन घरांतले पाच भाऊ संपले.

समाजसुधारकांवर आपण केलेल्या हल्ल्यांची हकीकत दामोदरने आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेवली आहे. म्हणजे परका तर शत्रूच, पण आपल्यातला वेगळं बोलणाराही शत्रू.

मित्र म्हणाला, "गुलामगिरीत दुसरं काय करणार होते?" प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर त्याच प्लेगमध्ये, त्याच पुण्यात सापडतं. मुंढव्याच्या एका महार मुलाला उचलून सावित्रीबाई फुले यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या साडेतीन महिने आधी. तो मुलगा त्यांचा ना भाऊ, ना जातवाला.

ही फक्त जुनी गोष्ट नाही. एप्रिल २०२० मध्ये इथल्या डॉर्मिटरींत लाखो स्थलांतरित मजूर कोंडले गेले. त्यांत आपल्या देशाचेही बरेच होते. रँडच्या नावाने आज मुठी आवळणारे आपण तेव्हा कोंडोच्या बाल्कनीत उभे राहून किती बोललो? मीही गप्पच होतो. पासची काळजी होती.

आपल्या माणसासाठी मरणारे आणि मारणारे पुष्कळ असतात. सिनेमा त्यांच्यावर निघतो. परक्यासाठी झिजणाऱ्यांवर आपण फार तर जयंतीला हार घालतो.

पटलं नसेल तर अवश्य लिहा. भांडू, पण भाऊबंदकी नको!