हंडा भरला, पण पाणी तपासले का?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागल्या अंगाला आमची वस्ती आहे. तिथे एका आठवड्यात पाच घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनी बोट दाखवले ते नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्याकडे. बिचाऱ्याची गाडी दोन दिवस उठवलीही. पण जुलाब काही थांबले नाहीत. पाऊस ओसरला, मुले बरी झाली आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

महिनाभराने आमच्या शेजारची सून पिवळी पडली. पोटात सातव्या महिन्याचे बाळ. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नाचा वास आला की मळमळ. लगेच सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले, अमक्या गावाला कावीळ उतरवणारा आहे, गळ्यात माळ बांधतो, हात धुवून पिवळे पाणी काढून दाखवतो. तिची सासू स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पुसण्या-भरण्याचे काम करते. शाळा चौथीपर्यंत. ती म्हणाली, "तो हाताचं पाणी पिवळं करील, पण माझ्या सुनेच्या रक्तातली कावीळ कोण उतरवणार?" तिने रिक्षा बोलावली आणि सुनेला थेट मोठ्या दवाखान्यात नेले. अकरा दिवस तिथे काढावे लागले. आज मायलेक सुखरूप आहेत. पण ते अकरा दिवस आमच्या गल्लीत कुणाला धड झोप लागली नाही.

त्या माउलीचे बोलणे शास्त्राला धरून होते. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की निरोग्याच्या हाताचे पाणीही पिवळे होते. त्यात कावीळ नसते, हातचलाखी असते. आणि घाण पाण्यातून येणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईला फार वाईट. शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बाया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा वेळी गंडेदोऱ्यात गेलेला एक दिवससुद्धा महाग पडतो.

सून दवाखान्यात असताना वस्तीतल्या दोन मुलींनी एक शहाणपणाचे काम केले. शाळेच्या वहीत घरे लिहून काढली. कुणाला जुलाब झाले, कुणाला कावीळ, आणि कोणाचे पाणी कोणत्या पाइपावरून येते. वही पुरी झाली तेव्हा दिसले, की आजारी पडलेली सगळी घरे एकाच लाइनीवरची होती. पाणीपुरी तर दुसऱ्या लाइनीवरची मुलेही खात होती, त्यांना काही झाले नव्हते. ती लाइन उघडून पाहिली. पाइप गटारातूनच गेलेला, आणि एका जोडावर बोटभर भेग.

या मुलींनी जे केले, तेच १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने केले होते. तिथे पटकीची साथ होती आणि घाणेरड्या हवेने रोग होतो असा समज होता. स्नोने मृत्यू झालेली घरे मोजली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपापर्यंत माग काढला. त्या पंपाचा दांडा काढायला लावला. जंतूचे नाव कुणाला ठाऊक नसताना नुसत्या मोजणीने रोगाचे मूळ सापडते, ते असे.

आता कुणी म्हणेल, पाणी तर शुद्ध होऊन येते, मग बिघडते कुठे? मीरा-भाईंदरच्या हद्दीत पाण्याचे धरण नाही. एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये मिठागरे. गोडे पाणी दुरून आणावे लागते. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलून टेमघरला शुद्ध केले जाते, ते स्टेम कंपनीचे पाणी. शिवाय एमआयडीसीचे पाणी. केंद्रातून निघताना ते गाळलेले असते, त्यात क्लोरीन मिसळलेला असतो. पण तिथून आपल्या हंड्यापर्यंत मैलोन्‌मैल नळ आहेत.

पाणी चोवीस तास नसते. ते येते आणि जाते, आणि इथेच खरी मेख आहे. नळात पाणी दाबाने वाहत असते, तेव्हा भेगेतून पाणी बाहेर गळते. पुरवठा बंद झाला की नळ रिकामा होतो, दाब उतरतो आणि त्याच भेगेतून गटाराचे पाणी आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की ती घाण पहिल्या धारेबरोबर घरात येते. त्यात आपणच भर घालतो. पाणी कमी येते म्हणून कुणी नळाला थेट मोटर लावतो. मोटर पाणी ओढते, तशी आजूबाजूची घाणही ओढते. एकाची टाकी भरते आणि शेजारच्याचे पोर आजारी पडते.

हे केवळ आमच्या गल्लीचे दुखणे नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. यंत्रमागावर राबणाऱ्या कामगारांचे ते शहर. मैल्याने आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने पंचगंगा नासलेली आणि नळाला तिचेही पाणी. कित्येक घरांत माणसे अंथरुणाला खिळली, काही गेलीच. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागांत गुलेन बॅरी या आजाराने माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. राज्यात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. दूषित पाण्यातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू अनेक रुग्णांच्या तपासणीत सापडला, आणि विहिरीचे पाणी नीट शुद्ध न होता घरोघर जात होते का, हा प्रश्न ऐरणीवर आला. पाणी दिसायला स्वच्छ असले, म्हणजे ते निर्धोक असते असे नाही.

'शुद्ध' या शब्दाशी आपला हिशेब जुना आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावर होता. आपले लोक पाणी प्याले तर तळे 'बाटले' म्हणून १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात सोडून ते 'शुद्ध' करून घेण्यात आले! जनावरे तिथे पाणी पीत होती, त्याने तळे बाटत नव्हते. माणसाच्या ओंजळीने बाटले. तो खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला.

विचार करा. शेण ज्या पाण्यात पडले ते शुद्ध, आणि माणसाने स्पर्श केला ते अशुद्ध, असे हे शास्त्र! ते आपण नाकारले. मग आज आपल्या घरात पाण्याची पारख कशाने करायची? चवीने, रंगाने, की तपासणीने? भगवान बुद्धांच्या भिक्खूंजवळ ज्या आठ वस्तू असत, त्यांत पाणी गाळण्याचे वस्त्र होते. बारीक जीव मरू नयेत हा त्यामागचा हेतू. पण पाणी पाहून, गाळून घ्यावे ही सवय आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांची आहे, हे विसरू नये.

आता घरात काय करावे ते सांगतो. नळ आला की पहिली दोन-तीन मिनिटांची धार पिण्याला घेऊ नका, ते पाणी धुण्या-पुसण्याला ठेवा. सुती साडी निदान चार पदरी करून त्यातून पाणी गाळा. बांगलादेशात अशा गाळण्याने पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र काविळीचा विषाणू साडीने अडत नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून गाळल्यावर पाणी उकळा. खळखळ उकळी फुटली की एक मिनिट पुरे, झाकून ठेवा. गॅस परवडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. सगळ्या घराचे जमत नसेल, तर निदान तान्ह्या मुलांचे, गरोदर बाईचे, म्हाताऱ्यांचे आणि आजाऱ्याचे पाणी उकळाच. आरोग्य केंद्रातून मेडिक्लोर मिळाले तर बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घाला आणि अर्धा तास थांबून मग प्या. तो अर्धा तास फार मोलाचा, क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो.

एक सावधगिरी. दारावर येऊन मशीन पाण्यात बुडवून आकडा दाखवणारे विक्रेते फिरतात. तो आकडा पाण्यातल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे. आकडा कमी असलेल्या पाण्यातही काविळीचे विष असू शकते. त्या भीतीपोटी हप्त्याने महागडे यंत्र घेऊ नका.

जुलाब लागले तर जलसंजीवनी द्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घोटघोट पाजत राहा. मूल सुस्त पडले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी बसू नका.

पण घरच्या घरी पाणी उकळून प्रश्न सुटत नाही, कारण फुटका पाइप एका घराचा नसतो. नळाच्या पाण्यात शेवटच्या टोकालाही थोडा क्लोरीन उरलेला असला पाहिजे, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. त्याची ओटी चाचणी दोन मिनिटांत होते. औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होते. रंग आला नाही तर समजावे, राखण करणारा क्लोरीन संपला आहे. ही चाचणी आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर करून दाखवा, अशी मागणी लेखी करा. दिलेल्या अर्जाची पोच घ्या. दाद लागली नाही तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांत अर्ज करून मागच्या तीन महिन्यांच्या तपासणीच्या नोंदी मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि प्रश्न माणसाच्या जिवाचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत.

आमच्या गल्लीत हेच झाले. तोंडी तक्रारीला कुणी विचारले नव्हते. वहीची नक्कल जोडून चाळीस बायांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गेला, तेव्हा नवव्या दिवशी माणसे आली, पाइप गटारातून काढून वर घेतला. दोघांनी आपणहून नळाच्या मोटरी सोडल्या. तिसऱ्याने अजून सोडलेली नाही, त्याच्याकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. पाणीपुरीवाल्याची माफीही मागितली.

तेव्हा भगिनींनो, येत्या रविवारी विहारात वंदना झाली की पंधरा मिनिटे जास्त बसा. एक वही काढा. आपल्या वस्तीतली घरे लिहा, लाइन लिहा, आजारी माणसे लिहा. आपल्या आजोबा-पणजोबांना पाण्याला हात लावण्यासाठी लाठ्या खाव्या लागल्या. ते पाणी आपल्या दारात आले आहे. आता ते पोरांना पाजण्याजोगे आहे की नाही, हे विचारण्याची पाळी आपली आहे.

जयभीम.