वीज कैथलला, धूर लडाखला

दर जून-जुलैला आपल्या ग्रुपवर लेहच्या बाइक ट्रिपचे फोटो येतात. थिकसेचा मैत्रेय बुद्ध, मागे निळं आकाश, खाली 'नमो बुद्धाय'. चांगलंच आहे. पण ज्यांच्या गोम्पात आम्ही हात जोडतो, त्यांच्या हिवाळ्याची चौकशी आम्ही कधी केली? तिथे पारा उणे वीसच्याही खाली उतरतो आणि घर ऊबदार ठेवायला आजही बुखारीत लाकूड, शेण, रॉकेल जाळावं लागतं. श्रीनगर-लेह वीजवाहिनी सुरू झाली 2019 मध्ये. तोवर लडाख देशाच्या ग्रिडला जोडलेलाच नव्हता. निमू-बाझगो आणि चुटकचे छोटे जलविद्युत प्रकल्प आणि डिझेल जनरेटर यांवर भागवणं चालू होतं.

आता त्याच लडाखात, पँगच्या परिसरात, 13 गिगावॉटचा सौर-पवन प्रकल्प उभा राहणार आहे. त्याच्या वीजवाहिनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिली. खर्च 20,773 कोटी. वाहिनी हिमाचल, पंजाब ओलांडून हरियाणातल्या कैथलपर्यंत जाणार. 2011 च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या 2 लाख 74 हजार. भागून पाहा, माणशी 47 किलोवॉट येतात. आपल्याकडे दोन-तीन किलोवॉटच्या पॅनेलवर अख्खं घर चालतं.

लडाखच्या स्थानिक ग्रिडलाही ही वाहिनी जोडू, असं सरकार सांगतं. ठीक. पण कोणत्या दराने? बुखारी विझवून विजेवर घर तापवणं चांगथांगच्या मेंढपाळाला परवडेल, इतक्या दराने का? प्रकल्पात त्याची मालकी किती? जमीन देण्याआधी त्याला विचारणार कोण? मेगावॉट आणि कोटींचे आकडे पाठ असलेल्यांनी या प्रश्नांचीही उत्तरं पाठ करावीत.

आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. विजेच्या विरोधात तर आम्ही असूच शकत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांकडेच विजेचा विषय होता. औद्योगिकीकरणाशिवाय इथला माणूस गरिबीतून सुटणार नाही आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, अशी मांडणी त्यांनी 1943 मध्येच केली. पुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, तेही संविधानातच लिहून ठेवावं, असा आग्रह धरला. म्हणजे वीज किती बनते याच्या जोडीला ती कोणाची, हा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हाच टेबलावर ठेवला होता. आज 'हरित' हा शब्द लागला की तो प्रश्न विचारणारा विकासविरोधी ठरतो.

पँगच्या पठारावर कोण राहतं? दिल्लीच्या नकाशावर कोणीच नाही. तिथे चांगपा पशुपालक पश्मिना शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन ऋतूप्रमाणे फिरतात. घर फिरतं असलं, की जमीन 'पडीक' ठरते. हा शब्द महाराष्ट्रातल्या भूमिहीनांना चांगला ओळखीचा आहे. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांना सातबारा नसल्यामुळे अजून 'अतिक्रमणधारक'च म्हणतात. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारून साठ वर्षं झाली. आणि आता सौर कृषी वाहिनी योजनेत हीच गायरानं पॅनेल लावायला भाडेपट्ट्याने जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, मिळायलाच हवी. ज्याच्याकडे ना शेत ना पंप, त्याच्या हातचं गायरान मात्र गेलं. लडाखची लढाई म्हणूनच आम्हाला परकी वाटत नाही.

लडाखचं मागणं काय आहे? सहावी अनुसूची आणि राज्याचा दर्जा. 97 टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातीचे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानेच 2019 मध्ये सहाव्या अनुसूचीची शिफारस केली. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला लडाख केंद्रशासित झाला, विधानसभेशिवाय. पर्वतीय परिषदा आहेत, कायदे करण्याचा अधिकार नाही. लेहचे बौद्ध आणि कारगिलचे मुस्लिम एकत्र येऊन ही मागणी करत आहेत, हे तर आपल्याकडच्या फुटीर गटांनी भिंतीवर लिहून ठेवावं. सहावी अनुसूची ज्या संविधानसभेने मंजूर केली, तिच्यात त्या तरतुदींची बाजू बाबासाहेबांनी मांडली होती. त्याच अनुसूचीसाठी चाललेल्या आंदोलनात 24 सप्टेंबर 2025 ला लेहमध्ये चार माणसं मारली गेली. सोनम वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली जोधपूरच्या तुरुंगात नेलं. आमच्या किती संघटनांनी त्या आठवड्यात निषेधाचं साधं पत्रक काढलं? आम्हीही उशीरच केला, हे कबूल करतो.

येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या गायरानावर सौर प्रकल्पाचा ठराव येतोय का, ते आधी बघा. आला, तर कसणाऱ्यांची नावं, किती वर्षांपासून कसतात ते आणि त्यांचा विरोध ठरावात लिहून घ्या, त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. आणि पुढच्या जूनला लेहला जाल तेव्हा पँगला गाडी थांबवून चहा देणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, की हिवाळ्यात तुमच्याकडे वीज किती तास असते.

जय भीम.