एका टाकीत दोन जातीचं जिरं नको



पावसाळा तोंडावर आला की जिरं आणायची गडबड सुरू होते. सध्या खडेबाजारात चहाला थांबलं तरी एकच विषय कानावर येतोय. टाक्या कमी आणि जाती दोन, मग कटला आणि रोहूचं जिरं एकाच सिमेंटच्या टाकीत सोडलं तर काय बिघडलं? एक टाकी वाचली, पाणी वाचलं, एक गडी वाचला. हिशेब वरवर बरोबर दिसतो. माझं मत वेगळं आहे, म्हणून लिहितोय.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, हे आपल्या पोरांनापण पाठ आहे. पण ही वाटणी मोठ्या माशांची. तीन दिवसांचं जिरं टाकीत पडतं तेव्हा कटला काय आणि रोहू काय, दोघांनाही पाण्यातले तेच बारीक जीव लागतात. रोहू शेवाळ आणि पालापाचोळ्याकडे वळतो तो पुढं, जरा मोठा झाल्यावर. म्हणजे ज्या पंधरा-वीस दिवसांत सगळ्यात जास्त मर होते, नेमक्या त्याच दिवसांत दोघं एका ताटावर बसलेले असतात.

त्यात सिमेंटच्या टाकीत दाटी किती बघा. मातीच्या तळ्यात हेक्टरी 30 ते 50 लाख जिरं सोडतात, सिमेंटच्या टाकीत एक ते दोन कोटी. गुंठ्याला लाख-दोन लाख झालं की! एवढ्या गर्दीत भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा चाळून दिला तरी सगळ्यांना पुरतं असं नाही. तगडं असेल ते खातं, मागं पडलेलं तिथंच संपतं. मातीच्या तळ्यात चांगली निगा ठेवून शंभरातली तीस-चाळीस हाताला लागतात. त्या उरलेल्यात कटला किती आणि रोहू किती, हे मिसळलेल्या टाकीत कोण सांगणार? इंचभर पिल्लाचं डोकं बघून जाणता माणूस कटला ओळखतो, मान्य. पण लाखभर पिल्लं हातानं निवडायला बसलात तर निवडून होईपर्यंत निम्मी मेलेली असतील.

माझी खरी काळजी इथंच आहे. टाकीतला घोळ टाकीत थांबत नाही. तेच बीज बोटुकली होऊन तलावात आणि धरणात जातं, त्यावर सभासदांचं वर्ष चालतं. निम्मा कटला समजून सोडलेल्या बीजात कटला पाव हिस्साच होता, हे कळतं जाळं ओढल्यावर. तोवर वर्ष गेलेलं असतं, वरच्या थरातलं खाद्य तसंच वाया गेलेलं असतं, आणि होडीचा हप्ता काही थांबत नाही.

जुन्या काळी लोकांना इलाजच नव्हता. नदीच्या पुरातून जिरं गोळा करायचं, त्यात दहा जातींची भेळ, शिकारी माशांची पिल्लंसुद्धा. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून एकेका जातीचं निवळ जिरं मिळायला लागलं. दरवर्षी 10 जुलैला मत्स्यशेतकरी दिन करतो तो त्याचीच आठवण म्हणून. निवळ मिळालेलं जिरं आपण होऊन कालवायचं, हे मला पटत नाही. काही हॅचरीत कटला-रोहू एकत्र सोडून पैदास करतात, त्यातून संकरित पिल्लं निघतात, ती वेगळीच डोकेदुखी. ‘मिक्स’ म्हणून स्वस्तात मिळणारी पिशवी घेताना हे ध्यानात असू द्या.

मग टाकी एकच आहे त्यानं काय करायचं? माझं म्हणणं, जागा नका वाटू, दिवस वाटा. एक खेप पंधरा-वीस दिवसांत निघते, म्हणजे जुलै-ऑगस्टात एकाच टाकीत दोन-तीन खेपा सहज बसतात. पहिली रोहूची घ्या. कटल्याची पैदास अवघड, त्याचं जिरं बऱ्याचदा उशिरा आणि कमीच मिळतं, त्यामुळं दुसरी खेप त्याची. शिवाय कटला वाढायला जलद, रोहूला तीन आठवडे आधी मिळाले तर पुढं जोडी बरोबर लागते. मधे टाकी रिकामी करून वाळवा आणि नवीन पाण्यात बारीक जीव तयार झाल्याशिवाय जिरं सोडू नका. 50 लिटर पाणी बारीक जाळीतून गाळून मिलीलिटरभर तरी गाळ यायला पाहिजे.

एकत्र वाढवायला माझा विरोध नाही, गैरसमज नको. इंचभर झालेली पिल्लं संगोपन तळ्यात हेक्टरी दोन-तीन लाखांनी मिसळा, खुशाल मिसळा, तिथं त्यांचे थर वेगळे व्हायला लागतात. फक्त मृगळ आणि सायप्रिनस दोन्ही भरपूर घेऊ नका, दोघंही तळालाच तोंड घालणारे. आणि धरणात सोडायची बोटुकली चार इंचाच्या आत नको. हिडकलसारख्या पाण्यात मरळ आणि शिवडा काय बसून राहणार आहेत व्हय? बारीक बीज सोडणं म्हणजे त्यांना जेवण घालणं.

यंदाच्या जिऱ्याची मागणी ठरवायच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. जातवार वेगळ्या पिशव्या आणि जातवार वेगळं बिल असेल तरच माल उतरवून घ्यायचा. आणि प्रत्येक टाकीवर पाटी, कुठली जात, कुठल्या तारखेला, किती. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीला जरूर यावं, इथं खाली लिहिलं तरी चालेल.