भाच्याचे नवे बाण

अमेरिकेतला आमचा भाचा रीतसर परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. यंदा त्याने अ‍ॅल्युमिनियमचे बाण सोडून कार्बनचे घेतले. जरूर घ्यावेत, कार्बन आपटला तरी वाकून राहत नाही. पण वाकलेला अ‍ॅल्युमिनियमचा बाण टेबलावर घरंगळवला की लगेच कळतो. कार्बनची बारीक चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि तसा बाण सुटताना फुटला तर तुकडे हातात घुसतात. म्हणून दर वेळी तो हलकेच वाकवून करकर ऐकू येते का पाहावे. शिवाय फार हलका बाण वेगाने गेला तरी खोल रुतत नाही, आणि जखमी हरीण रानात तडफडत राहते. माझ्या मते शिकाऱ्याने वेगापेक्षा वजन बघावे. मुक्या जिवाचे हाल होऊ नयेत, एवढे तरी त्याच्या हाती आहे. पटते का?