मण्यार कीं कवड्या ?

पावसाळा लागला कीं आमच्याकडे एकाच विषयाचीं पत्रें येऊं लागतात. यंदा एक भगिनी लिहितात, "न्हाणीघरांत साप निघाला, तो घरच्यांनीं मारला. आतां शेजारी म्हणतात कीं तो बिनविषारी होता. मग आम्हांस पाप लागलें काय ?" पापपुण्याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु घरीं निघणारे साप ओळखावे कसे, आणि त्या ओळखीवर भरंवसा किती ठेवावा, याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

सगळेच साप विषारी नसतात, हें ज्ञान आपल्याकडे नवें नाहीं. सुश्रुतानें कल्पस्थानांत सापांचे दर्वीकर, मंडली व राजिमान् असे वर्ग करून निर्विष सापांचा वर्ग निराळा सांगितला आहे. दर्वी म्हणजे पळी. पळीसारखी फणा काढणारा तो दर्वीकर, अर्थात् आपला नाग. अंगावर मंडलें असणारी ती घोणस, आणि अंगावर राजी, म्हणजे रेघा, असणारी ती मण्यार, असें मानण्यास हरकत नाहीं. त्यांत फुरसें मिळविलें म्हणजे आपल्या देशांत सर्वांत अधिक बळी घेणारी चौकडी पुरी झाली.

फणा काढलेला नाग बालकही ओळखील. पण न डिवचलेला नाग फणा मिटूनच जातो, आणि मग त्याला धामण समजण्याची चूक शहाण्यांच्याही हातून होते. घोणस अंगानें जाड व डोक्यानें त्रिकोणी. तिच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, व तिचा फुत्कार दूरवर ऐकूं येतो. फुरसें फूट-दीड फुटाचें. वेटोळें करून तें खवल्यांवर खवले घासतें, तेव्हां करवतीसारखा आवाज होतो. रत्नागिरीकडील वाचकांस त्याचा परिचय आम्हीं करून द्यावयास नको.

निर्विषांत धामण ही तर शेतकऱ्याची सखीच. ती उंदीर खाते. ती गाईचें दूध पिते, शेपटीच्या तडाख्यानें माणसास मारते, या गोष्टींस कांहीं आधार नाहीं. पाण्याकांठची दिवड चिडखोर आहे, कडकडून चावतेही, पण तिला विष नाहीं. आणि मोरींतून निघणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा तर मुंग्यांचीं अंडीं व वाळवी खाऊन राहणारा गरीब जीव आहे.

खरी परीक्षा आहे ती मण्यार व कवड्या यांची. मण्यार काळी, तुळतुळीत. तिच्या अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीनें. ते मानेपाशीं पुसट किंवा मुळींच नसतात व शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरतात. तो पालींच्या मागें भिंतीवर चढतो. पुस्तकांत हा भेद सोपा वाटतो. रात्रीं अंगणांत तो तितका सोपा राहत नाहीं.

हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही कोंकणांतील एका गांवीं शिक्षक होतों. पावसाळ्यांतील एका रात्रीं न्हाणीच्या पायरीवर पट्ट्यांचा साप दिसला. आमच्याकडे जेवावयास असलेला एक विद्यार्थी जवळ होता. "कवड्या आहे, भिऊं नकोस," असें आम्ही मोठ्या ऐटींत म्हणालों. गुरुजींचा शब्द प्रमाण मानून त्या मुलानें सापाची शेपटी धरण्यासाठीं हात पुढें केला. इतक्यांत घरांतून आवाज आला, "अहो, आधीं विजेरी तर आणा !" विजेरीच्या उजेडांत पाहतों तों मान कोरी, आणि पट्टे शेपटीकडे ठळक. ती मण्यार होती. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दोरीला साप समजणाऱ्याची भीति क्षणभराची असते. सापाला दोरी समजणाऱ्याचा प्राण जातो. रज्जुसर्पाचा दृष्टांत आम्ही वर्गांत अनेकदां दिला होता, पण त्याची ही दुसरी बाजू आम्हांस त्या रात्रीं कळली.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच : ओळख जीव वांचविण्यासाठीं शिकावी, हात लावण्यासाठीं नव्हे. संशय येतांच साप विषारी समजावा, मुलांना दूर न्यावें, आणि जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. मण्यार रात्रीं हिंडते व जमिनीवर निजलेल्यास चावते. दंश पुष्कळदां कळतही नाहीं. पहांटे पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, पुढें श्वास कोंडतो. यास्तव खालीं निजणाऱ्यांनीं मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं नीट खोंचाव्या, व रात्रीं उठतांना उजेडावांचून पाऊल टाकूं नये.

दंश झालाच तर चिरूं नये, चोखूं नये, घट्ट आवळूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्या, चावलेला अवयव हलूं देऊं नये, आणि रुग्णालय गांठावें. आपल्या राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. साप मारून सोबत नेण्याची गरज नाहीं. आपल्याकडील प्रतिविष या चारही सापांच्या विषांवर मिळून केलेलें असतें, व वैद्य लक्षणें पाहून तें देतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें वर्षास सरासरी ५८,००० माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. मरणारे बहुतेक खेड्यांतील होते.

आतां त्या भगिनीस उत्तर. झालें तें झालें. भीतीच्या भरांत घडलेल्या कृत्याचा शोक करीत बसूं नये. पण मोरीच्या तोंडाशीं जाळी बसवावी, अंगणांतील लांकडांचा ढीग हलवावा, आणि घरांतील उंदीर कमी करावे. साप घरीं येतो तो आपणांस शोधीत नव्हे, तर भक्ष्य शोधीत. आणि पुढच्या वेळीं कोणी कितीही ठामपणें नांव सांगितलें, तें सांगणारा शिक्षक असला तरी, आधीं विजेरी आणावी.